खटक्याचा स्टँड

हिंदुराव बराटे कालव्याच्या वळणावर पडला, त्याच्या क्षणभर आधी त्याला मागून कुणीतरी हाक मारली होती. त्याच्या धाकट्या भावानं, मच्छिंद्रनं, ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली की ती हाक मीही ऐकली होती असं अलीकडे वाटायला लागलंय.

१९८६चा मार्च. वारजं तेव्हा गावच होतं. हिंदुराव सकाळी दुधाच्या किटल्या अडकवून कर्वेनगरकडे निघाला. मोटारसायकल चार महिन्यांची. अंगणातून निघताना साइड स्टँड वर करायचा राहून गेला. वाटेत एक सायकलवाला मागून ओरडला, "ओ, स्टँड! स्टँड!" हिंदुरावाला वाटलं, कुणीतरी ओळखीचं आहे. मागं न बघताच त्यानं हात वर केला आणि गाडी डावीकडे झुकवली. लोंबता स्टँड डांबरात रुतला, मागचं चाक उचललं, आणि हिंदुराव कालव्यावरच्या पुलाच्या दगडी कठड्यावर गेला. सायकलवाला जवळ पोचला तेव्हा किटलीतलं दूध अजून वाहत होतं. हिंदुराव संपला होता.

मच्छिंद्र तेव्हा तिशीचा. नाना पेठेतल्या एका गॅरेजात नऊ वर्षं हात काळे करून त्यानं वारज्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली होती. जागा हिंदुरावानंच दिली होती, वाटणीचा विषयसुद्धा न काढता. मच्छिंद्र बोलायला कमी. इंजिनाचा आवाज ऐकताना डोळे मिटायचा. त्याचं वेल्डिंग मात्र असं की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनच कळावं. भावाचा तेरावा झाल्यावर त्यानं ती गाडी शेडमध्ये आणली, वाकलेलं हँडल सरळ केलं, आणि पुढे कित्येक दिवस रिकामा वेळ मिळाला की तिच्या स्टँडसमोर बसून राहायला लागला.

"एवढीशी सळई," तो बायकोला, विजयमालेला, म्हणायचा. "एवढ्याशा सळईनं मानूस नेला."

मी कर्वेनगरच्या शाळेत गणित शिकवायचो. आमच्याच शाळेत संस्कृत शिकवणारे शरच्चंद्र खासनीस मला मच्छिंद्रकडे घेऊन गेले. खासनीस मूळचे नारायण पेठेतले. नव्या सोसायटीत राहायला आले, पण जीभ पेठेतलीच घेऊन आले होते. शनिवारी शाळा लवकर सुटली की आम्ही चार-पाच जण मच्छिंद्रच्या शेडमध्ये टेकायचो, आणि प्रत्येकाला आपल्या गाडीत काय असायला हवं होतं याची चर्चा सुरू व्हायची. कुणाला रिव्हर्स गिअर हवा होता, कुणाला पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा. छत्री ठेवायला डबा, उन्हात तापणार नाही अशी सीट. एकजण म्हणाला, सेंटर स्टँडवर गाडी चढवताना कंबर मोडते, तो बोटानं लागला पाहिजे.

"गाडीला आणखी एक चाक लावून घ्या," खासनीस म्हणाले. "मग स्टँडच लागत नाही. त्या वाहनाला रिक्षा म्हणतात."

सगळे हसले. मग खासनीस जरा गंभीर झाले. "मला मात्र एकच गोष्ट हवी आहे. मी विसरलो तरी गाडीनं विसरू नये. निघताना तो स्टँड आपला आपण वर गेला पाहिजे."

मच्छिंद्र पाना पुसत होता. त्याचा हात थांबला. "करतो सर," तो म्हणाला.

त्याला सहा महिने लागले. साध्या स्टँडची स्प्रिंग स्टँडला खालीही धरते आणि वरही धरते. मच्छिंद्रनं ती अशी बसवली की स्टँड सतत वरच ओढला जावा. खाली ठेवण्यासाठी एक लोखंडी खटका केला. स्टँड पायानं खाली दाबला की खटका खाचेत बसायचा. त्या खटक्यापासून एक बारीक तार त्यानं क्लचच्या दांड्यापर्यंत नेली. निघताना गिअर टाकायला क्लच दाबावाच लागतो. क्लच दाबला की खटका सुटणार, आणि गाडी सरळ झाली की स्टँड खाडकन वर. विसरायचा प्रश्नच नाही.

पहिला स्टँड त्यानं भावाच्या गाडीला बसवला, दुसरा खासनीसांच्या. आम्ही सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला. गाडी स्टँडवर उभी असताना नुसता क्लच दाबून पाहिला; काही झालं नाही. गाडीचा भारच स्टँडला खाली दाबून ठेवत होता. मीच म्हणालो, "बघा, उभी असताना पडायचीही भीती नाही." गणिताच्या मास्तरचं मत होतं. मच्छिंद्रला ते पटलं.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यानं असे एकूण एक्केचाळीस स्टँड बसवले. खासनीसांनी निम्म्या शाळेला सांगितलं, शाळेनं आपापल्या मेव्हण्यांना. माझ्याही गाडीला बसला. मच्छिंद्रच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत प्रथमच काही हलकं दिसायला लागलं. प्रत्येक गाडी निघताना तो कान देऊन उभा राहायचा, आणि 'खाड्' असा आवाज आला की मान डोलवायचा.

पहिली पडली ती खासनीसांची गाडी, १९९०च्या उन्हाळ्यात, त्यांच्या सोसायटीच्या आवारात. आरसा फुटला. कुणीतरी धक्का दिला असणार, असं म्हणून त्यांनी जिन्याखाली सुवाच्य अक्षरात पाटी लावली : 'येथील वाहने स्वतःच्या इच्छेने पडत नाहीत.'

मग माझी पडली, शाळेच्या भिंतीशी. मी नववीतल्या दोघांना तासभर उभं केलं. त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. ते रडकुंडीला येऊन तसं सांगत होते आणि मी ऐकत नव्हतो.

तिसऱ्या वेळेला पाहणारं कुणीतरी होतं. श्रावणातली दुपार, विजयमाला ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. समोर अंगणात हिंदुरावाची गाडी स्टँडवर उभी. शेळी अंग घासायला गाडीजवळ गेली, आणि गाडी तिच्या पाठीवरून घसरत खाली आली. शेळी ओरडत पळाली.

संध्याकाळी मच्छिंद्र घरी आला तेव्हा विजयमाला म्हणाली, "अवो, ती गाडी बरी न्हाई. शेळीनं नुसतं अंग लावलं तर पडली."

"शेळीला कमी जोर असतुय व्हय?"

"जोर न्हाई लावला तिनं. मी बघत हुते. सकाळी मुक्ती बसलेली गाडीवर, बुर्रर बुर्रर करत. तवा नाय पडली. आन दुपारी शेळीनं पाडली?"

मुक्ता त्यांची चार वर्षांची मुलगी. मच्छिंद्रनं गाडी उचलली, स्टँडवर लावली, क्लच दाबून पाहिला. गाडी हलली नाही. "बघ," तो म्हणाला.

विजयमालेनं बघितलं, आणि मुक्ताला हाताला धरून घरात नेलं. त्या दिवसापासून तिनं पोरीला त्या गाडीजवळ जाऊ दिलं नाही. मच्छिंद्रनं विचारलं तर म्हणायची, "मला न्हाई सांगता येत."

नंतर तो मला म्हणाला, की त्या श्रावणापासून त्याची झोप उडाली. का, ते त्याला कळत नव्हतं. शेडमध्ये गाड्या रांगेत उभ्या असल्या की आपल्याकडे पाठ करून काहीतरी चाललंय असं वाटायचं. त्यानं खाचा खोल केल्या. तारा घट्ट केल्या. तरीही नवे स्टँड बसवायचं थांबवलं नाही, कारण थांबवण्याजोगं त्याला काही सापडलं नव्हतं.

दिवाळी संपून आठवडा झाला होता. खासनीसांच्या पत्नी सुहासिनीबाई दुपारी आवारात बसून गॅलरीतून खाली पडलेले कपडे गोळा करत होत्या. शेजारी खासनीसांची गाडी उभी. सकाळी सोसायटीतली पोरं त्या गाडीवर आळीपाळीनं बसून खेळून गेली होती. त्याला अडीच तास उलटले होते. उठताना बाईंनी आधाराला सीटवर हात ठेवला. गाडी त्यांच्याकडे येत नव्हती, पलीकडे कलत होती, म्हणून त्यांनी ती स्वतःकडे ओढली. मग ती सगळीच्या सगळी त्यांच्या अंगावर आली. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. आवारात दुसरं कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणाचातरी रेडिओ मोठ्यानं लागला होता, आणि खालची हाक कुणाला ऐकू जायला वीस मिनिटं लागली.

चौथ्या दिवशी खासनीस वाकलेला क्लचचा दांडा बदलायला गाडी घेऊन शेडमध्ये आले. मीही बरोबर होतो. त्यांनी सगळं सांगितलं. दोष ते पोरांना देत होते. मच्छिंद्र ऐकता ऐकता खाली बसला आणि स्टँडकडे बघत राहिला.

"पोरं सकाळी खेळली म्हन्ता?"

"नऊ-साडेनऊला."

"आन गाडी पडली बारा वाजता."

"हो. का?"

मच्छिंद्र उठला. त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि पोरं करतात तसा क्लच चार-पाच वेळा भराभर दाबून सोडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग तो खाली वाकला आणि आम्हांला बोलावलं. खटका खाचेत नव्हता. वापरून वापरून स्टँडचा बोल्ट झिजला होता, आणि क्लच दाबल्यावर स्टँड केसभर सरकायचा. खटका परत येताना खाचेत न बसता तिच्या कडेवर टेकून राहायचा. बाहेरून बघणाऱ्याला गाडी होती तशीच उभी. मच्छिंद्रनं गाडीला एक बोट लावलं आणि ती जराशी सरळ केली.

खाड् असा आवाज झाला. स्टँड वर गेला. गाडी पलीकडच्या अंगाला कोसळली, तिला धरायला आम्हां तिघांपैकी कुणाचाच हात पुढे झाला नाही.

क्लच दाबणारा निघून जायचा. सापळा तसाच लागलेला राहायचा, तासभर, दोन तास, आणि मग जो कोणी सहज गाडीला टेकेल त्याच्यावर उलटायचा. आणि तसल्या गाड्या पुण्यात आणखी चाळीस होत्या. मी नववीतल्या त्या दोघांचा विचार करत होतो.

"वहिनींना सांगायला पायजे," मच्छिंद्र म्हणाला.

खासनीस म्हणाले, "काही गरज नाही. मी कुणाला बोलणार नाही."

"सर, मी बोलनार हाय."

तो त्याच कपड्यांत आमच्याबरोबर आला. सुहासिनीबाई पलंगावर होत्या, पाय प्लास्टरमध्ये. मच्छिंद्र दारातच उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून मोकळा झाला.

"म्हणजे पोरांनी नाही पाडली," त्या शेवटी म्हणाल्या.

"न्हाई."

"मी चार दिवस त्यांच्या आयांशी भांडतेय. आणि अशा आणखी किती आहेत?"

"एक्केचाळीस केल्या. एक माझी, एक तुमची, एक ह्या सरांची. बाकीच्या फिरत्यात."

"कुणाकुणाच्या, माहीत आहे?"

"थोड्यांचं म्हाईत हाय. गिऱ्हाईक येतं, जातं. लिवून कुठं ठेवतो मी."

"मग इथे उभे राहून काय करताय?" बाई म्हणाल्या. "मला कागद-पेन्सिल द्या. ह्यांनी कुणाकुणाला सांगितलं ते ह्यांच्यापेक्षा माझ्या जास्त लक्षात आहे."

त्या संध्याकाळी सुहासिनीबाईंनी पलंगावर पडल्या पडल्या तेवीस नावं काढली. दुसऱ्या दिवसापासून मच्छिंद्रनं शेड बंद केली. पिशवीत पाने, साध्या स्प्रिंगा आणि कानस घेऊन तो बसनं फिरायला लागला. दारात जाऊन सांगायचा, "मी बसवलेला स्टँड वाईट हाय. काढायला आलोय." काहींनी चहा दिला. काहींनी शिव्या दिल्या. एका डॉक्टरांनी काढू दिला नाही. म्हणाले, मला आवडतो. मच्छिंद्र त्यांच्या दवाखान्याबाहेर तीन दिवस बसला, शेवटी त्यांनी वैतागून किल्ली दिली. ज्यांची नावं नव्हती त्यांच्यासाठी तो स्वारगेटला, मंडईजवळ, कॉलेजांच्या आवारांत उभ्या गाड्यांच्या रांगा धुंडाळायचा. रस्त्यावर पालथा पडून गाड्यांच्या पोटाखाली बघणाऱ्या माणसाला चोर समजून लोकांनी दोनदा मारलंही. आपलं वेल्डिंग तो दुरून ओळखायचा.

शेड पुन्हा उघडली तेव्हा गिऱ्हाईक तुटलं होतं. आपल्याच मालाला वाईट म्हणत दारोदार फिरणाऱ्याकडे कोण गाडी टाकणार? मी जायचो, खासनीस जायचे. १९९२च्या सुरुवातीपर्यंत चाळीस स्टँड परत आले. ते त्यानं स्वतः गॅसनं कापून टाकले.

राहिला एक. लाल रंगाची गाडी, संभाजी नावाच्या एका ठेकेदाराची. संभाजीनं ती दुसऱ्याला विकली होती, दुसऱ्यानं तिसऱ्याला. माग काढत काढत मच्छिंद्रला वाघोलीचं एक घर कळलं. एका रविवारी त्यानं मला बरोबर नेलं. "तुम्ही असा बरूबर," एवढंच म्हणाला.

नगर रस्त्यावर उतरून आम्ही आत चालत गेलो. दगडाच्या खाणींची धूळ झाडांवर पांढरी बसली होती. वाटेत एका पडवीपुढे, एका चहाच्या टपरीपुढे गाड्या उभ्या होत्या. मच्छिंद्र प्रत्येकीपाशी वाकत होता. घर सापडलं. अंगणात गाडी नव्हती. दारात साठीच्या बाई बसल्या होत्या, सोजरबाई. कपाळ मोकळं होतं.

मच्छिंद्रनं विचारलं, "आजी, तुमच्याकडं लाल मोटारसायकल हुती का?"

बाईंचा चेहरा आवळला. "हुती. तुमी कोन?"

"मी तिचं काम केलेलं. मिस्तरी हाय."

"अपशकुनी गाडी," बाई म्हणाल्या. "पोरानं हौसेनं आनली. म्हातारं दारात बसायचं हितं, गाडीच्या सावलीला. येक दिस काठी टेकून उठलं, गाडीला हात लावला, आन गाडी अंगावर. खुबा मोडला. तीन म्हैने अंथरुनावर हुतं. मागल्या सालच्या पोषात गेलं."

म्हाताऱ्याचं नाव गेनबा. पौष म्हणजे आदल्या वर्षीचा जानेवारी. मागे तीन महिने मोजले तर गाडी पडली ती ऑक्टोबरात, सुहासिनीबाईंचा पाय मोडण्याच्याही आधी. मी मनात हिशेब केला आणि मच्छिंद्रकडे बघायचं टाळलं.

तो खाली मातीत बसला. अपशकून नव्हता, त्यानं सांगितलं. खटका कसा, तार कशी, सगळं. बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण मुद्दा कळला.

"तू केलास त्यो स्टँड."

"व्हय."

"कशापायी?"

"माझा भाऊ गेला हुता स्टँडनं. दुसऱ्या कुनाचा जाऊ नये म्हून."

सोजरबाई शिवी देतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि परत खाली केला.

"आन आता ती गाडी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दिली. अपशकुनी म्हून पोरानं लगीच काढली. बाजारात कुनी आला, घेऊन गेला. नगरकडचा हुता म्हन्त्यात. घरात ल्हान लेकरं हायत म्हनला, लाल गाडी बघून खूश व्हतील."

आम्ही उठलो तेव्हा बाईंनी तांब्या आणून ठेवला. मच्छिंद्र पाणी प्यायला नाही. बसमध्ये तो एकदम म्हणाला, "सर, त्या बोल्टची झीज आता आनखी वाढली आसंल."

त्यानंतर दोन वर्षं तो नगर रस्त्याला जात राहिला. शिक्रापूर, शिरूर, त्याच्याही पुढे. आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्यांच्या रांगांमधून फिरायचा. गाडी मिळाली नाही. वारज्यात इमारती उठायला लागल्या तशी शेडची जागा गेली, आणि मच्छिंद्रनं स्वारगेटजवळच्या एका वाहनतळावर राखणदाराची नोकरी धरली. तिथं तो पंधरा वर्षं होता. त्याच्या हाताखालून रोज चार-पाचशे गाड्या जायच्या. आलेली प्रत्येक गाडी तो स्वतः सेंटर स्टँडवर चढवायचा, आणि चढवण्याआधी खाली वाकून एकदा बघायचा. मालक म्हणायचा, एवढी मेहनत कुणी सांगितली आहे. पुढे कंपन्यांच्याच गाड्यांना स्टँड खाली असला की लाल दिवा लागायला लागला. काहींचं इंजिनच सुरू होईना. लोक त्याला कौतुकानं दाखवायचे. तो म्हणायचा, "बरं हाय," आणि पुढच्या गाडीकडे वळायचा.

गेल्या वर्षी मी त्याला भेटायला गेलो होतो. आता सत्तरीला आलाय, कंबर गेली आहे. मुक्ता नोकरी करते, तिच्याकडे स्कूटर आहे. विजयमालेनं चहा केला. बोलता बोलता मी म्हणालो, "चौतीस वर्षं झाली मच्छिंद्र. ती गाडी केव्हाच भंगारात गेली असेल."

"आसंल," तो म्हणाला.

तेवढ्यात खाली आवारात काहीतरी धाडकन पडलं. पत्रा असेल, बादली असेल. मच्छिंद्र कप तसाच ठेवून उठला, भिंतीला धरत गॅलरीपर्यंत गेला, आणि कठड्यावरून वाकून बराच वेळ खाली बघत राहिला.